पक्क्या कानाचा माणूस

चंद्रपुरात आमचं गाड्यांच्या आवाजाचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि ऋषीचं. वायरिंग ऋषी करायचा, आवाज मी बसवायचो. सावली गावच्या राइस मिलवाल्यापासून एटापल्लीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक यायचं, आणि दारातूनच म्हणायचं, "अशोकभाऊचा कान पक्का आहे म्हणते, म्हणून आलो." हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं की ते मला माझ्या नावामागची पदवीच वाटायला लागलं होतं. आता त्या वाक्याची आठवण झाली की मान खाली जाते. का, तेच सांगायचं आहे.

आधी धंदा काय होता ते सांगतो. आम्ही मोठमोठे डबे बसवून गाडी दणाणून सोडतो, एवढंच लोकांना वाटतं. तसली गिऱ्हाइकं होती, नाही म्हणत नाही. एका ठेकेदाराने तर मला विचारलं होतं, "मी चौकात आलो हे बायकोले घरी समजलं पाह्यजे, असं काही बसते का?" पण खरं काम वेगळं होतं.

पूर्वी गाडीतला टेप काढून दुसरा लावला की झालं. आता तसं चालत नाही. नव्या गाडीत समोर मोठी स्क्रीन असते आणि तिच्यातच एसी, मागचा कॅमेरा, फोन सगळं असतं. ती काढली तर गाडी आंधळी होते. म्हणजे कंपनीने दिलेली स्क्रीन तशीच ठेवायची आणि आवाज मात्र सुधारायचा. कंपनीचा आवाज मुळातच दुरुस्त करून, म्हणजे खरं तर बिघडवून, बाहेर सोडलेला असतो. स्पीकर हलके असतात, ते फाटू नयेत म्हणून तुम्ही आवाज वाढवला की स्क्रीन गुपचूप खालचा दमदार आवाज कापत जाते. मग ढोलकी पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी लागते.

यावर उपाय म्हणजे एक पेटी. शाळेतल्या पाटीएवढी असते, सीटखाली बसते. तिला आम्ही सगळे डीएसपी म्हणतो. ती स्पीकरकडे जाणारा आवाज वाटेत अडवते, कंपनीने केलेली कापाकापी निस्तरते आणि साफ करून पुढे पाठवते. दुसरं एक काम तिला येतं, ते मला नेहमी जादूसारखं वाटायचं. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळचा स्पीकर जवळ असतो आणि पलीकडच्या दाराचा लांब. जवळचा आवाज आधी पोचतो. ही पेटी जवळच्या आवाजाला डोळ्याचं पातं लवायच्या आत थोडं थांबवून ठेवते, मग दोन्ही बरोबर पोचतात आणि गाणारा माणूस एकदम समोर काचेपाशी येऊन उभा राहतो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास समोर बघायचा. तो चेहरा बघायला मी जगायचो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्ट्या. लॅपटॉप जोडला की पडद्यावर उभ्या पट्ट्यांची रांग दिसते. डावीकडे ढोलाचा जाड आवाज, मधे माणसाचं बोलणं, उजवीकडे झांज, बांगड्या, 'स' आणि 'श'. कुठली पट्टी किती वर, किती खाली, यात सगळी कारागिरी. हे ठरवायच्या दोन रीती आहेत. काही पेट्यांबरोबर छोटा माइक येतो. तो सीटवर डोक्याच्या जागी ठेवायचा, मशीन आवाज सोडतं, मोजतं आणि रेघ काढून दाखवतं. दुसरी रीत म्हणजे सीटवर बसून आपल्या कानाने ऐकायचं. मी दुसऱ्या रीतीचा. माइकवाली पेटी कोणी मागितली की मी हसायचो.

पेटी निवडण्यात मात्र मी खरोखर वाकबगार होतो. तेवढं आजही म्हणतो. आमच्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही. पुण्या-मुंबईत चालणारी पेटी इथे उन्हाळा काढेलच असं नाही. पंखा असलेली पेटी थंड राहते, पण तिचा पंखा धूळ ओढतो. चंद्रपूरकडची गाडी असेल तर कोळशाची काळी, सूरजागडच्या खाणीकडची असेल तर लोखंडाची लाल. म्हणून बिनपंख्याची, जाड धातूच्या अंगाची पेटी घ्यायची. गाडी सुरू झाली की ती आपोआप जागी व्हावी, इंजिनाची कुंईकुंई आवाजात शिरू नये, मागच्या सेन्सरची टींटीं आणि फोन मात्र आधीसारखेच ऐकू यावेत. एवढं सगळं बघून मी पेटी सांगायचो, आणि ती सहसा चुकायची नाही.

चूक पेटीत नव्हतीच.

दसरू नावाचा एक माडिया ड्रायव्हर होता. एटापल्लीकडचा. त्याची सात सीटची गाडी खाणीवरच्या साहेबलोकांसाठी भाड्याने लागलेली. गोंडी गाण्यांचा त्याला फार शौक. त्याच्या गाडीत मी मन लावून आवाज बसवला. आठवड्याने तो परत आला आणि दारात घुटमळत उभा राहिला.

"भाऊ, गाना तं चांगला वाजते. पर कानात टोचते."

"टोचते म्हणजे?"

"बारीक आवाज... सुईवानी. साहेब म्हणते बंद कर."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि चार लोकांसमोर शिकवलं. "दसरू, आजवर तू फाटक्या स्पीकरवर ऐकलं. आता साफ आवाज आला तर तुह्या कानाले सवय नाई. पंधरा दिवस थांब, मंग पाह्य." तो बिचारा हो म्हणाला. दाराची पट्टी खडखडते, तेवढी तरी पाहून द्या म्हणाला. मी ऋषीला सांगितलं आणि जेवायला गेलो. पुढे दसरूचा फोन आला. "भाऊ, आता बराबर झाला." मी फोन ठेवून ऋषीला म्हटलं, "पाह्यलं? कानाले सवय लागली." ऋषी वायरीला टेप गुंडाळत होता. "हो," एवढंच म्हणाला.

ही गोष्ट मी पुढे कित्येक गिऱ्हाइकांना सांगितली. कानाला चांगल्याची सवय लावावी लागते, याचं उदाहरण म्हणून.

ऋषी म्हणजे बोलायला कंजूस माणूस. आम्ही दोघं तरुणपणी एकाच साउंडवाल्याकडे कामाला होतो. वरातीच्या गाडीवर जनरेटरच्या आणि कर्ण्यांच्या मधे बसून गावोगाव फिरायचो. तो मागे केबल सांभाळायचा, मी पुढे कर्ण्यापाशी. मग दोघांनी मिळून दुकान टाकलं. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी, गाडी उघडायची त्याने. त्याने उघडलेल्या गाडीची एक क्लिप कधी तुटली नाही. पण गिऱ्हाइकांचं कौतुक सगळं माझ्या वाट्याला यायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस जुनी एक गाडी आमच्याकडे परत आली. मालकाला मागे आणखी एक स्पीकर हवा होता. मी लॅपटॉप जोडला आणि बघतच राहिलो. उजवीकडच्या पट्ट्या मी ठेवल्या होत्या तिथे नव्हत्या. सगळ्या खाली ओढलेल्या. मालक म्हणाला, मी तर हातही लावला नाही. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. पुढे दुसरी एक गाडी आली. तीही तशीच. मग तिसरी. माझं काम कोणीतरी माझ्या मागे पुसून टाकत होतं.

दुकानात लॅपटॉपला हात लावणारी दोनच माणसं. दुपारची वेळ होती, दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. मी तिथूनच हाक मारली.

"ऋषी, माह्या सेटिंगले हात कोण लावते?"

तो एका गाडीखालून बाहेर आला. हात पुसले. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"मी लावतो."

"काऊन?"

"जरा जास्त वाटे मले. वरचं."

"जास्त वाटे? तुले काय समजते गा आवाजातलं? तू वायरी जोड. तुले तेवढंच येते, तेवढंच कर."

बसलेल्यांपैकी एक जण हसला. ऋषीने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्याचं तोंड उघडलं होतं, ते मला अजून दिसतं. पण तो परत त्या गाडीखाली गेला, हातातलं काम पुरं केलं, पट्टी घट्ट बसवली, दार उघडून-लावून पाहिलं. मग हात धुतले, आपली पेचकसांची पिशवी उचलली आणि दुकानाची किल्ली टेबलावर ठेवून गेला. पुढे कळलं की त्याने गोंडपिपरीला, त्याच्या सासरच्या गावी, ट्रॅक्टरच्या बॅटरी-वायरिंगचं दुकान टाकलं.

मी त्याला थांबवलं नाही. चोर पकडल्यासारखं मला वाटत होतं. त्यानंतर मी एक गोष्ट केली. पेटीला कुलूप लावता येतं. पासवर्ड टाकला की तुमच्याशिवाय कोणाला पट्ट्या हलवता येत नाहीत. तिथून पुढच्या प्रत्येक गाडीला मी ते कुलूप लावलं. माझा आवाज, माझ्या हाताचा, कोणी बिघडवायचा नाही.

मग गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं. कोणी भांडलं नाही. आमच्याकडची माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत, फक्त येत नाहीत. मी ऑनलाइन विक्रीला शिव्या दिल्या, मोबाइलवर गाणी ऐकून लोकांचे कान खराब झालेत असं म्हणायचो. हे खरंच मी म्हणायचो.

डॉक्टर प्रज्ञाताई आल्या त्या या दिवसांत. एटापल्ली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर त्या होत्या. माहेर सावलीचं, आई आता चंद्रपुरात. सुट्टी मिळाली की आईकडे यायच्या. इतक्या लांबच्या रस्त्यासाठी नवी गाडी घेतलेली. बाई अभ्यास करून आलेल्या.

"भाऊ, मी वाचलं की माइकने मोजता येणाऱ्या पेट्या मिळतात. तशी घेऊ का? मला दणदणाट नको. रस्ताभर मी भाषणं ऐकते, धम्मावरची, वैद्यकीय. शब्द स्पष्ट हवेत, बस."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही स्टेथोस्कोप लावता. पण ऐकते कोण? कानच ना? मशीनवर कायले भरवसा ठेवता?"

त्या हसल्या. "हेही खरंच आहे म्हणा." आणि माझ्यावर भरवसा ठेवला.

मी त्यांना बिनपंख्याची, बिनमाइकची पेटी दिली. त्यांच्या गाडीच्या चाकांना लाल माती लागलेली होती, त्यामुळे बिनपंख्याची निवड बरोबरच होती. आवाज बसवला. मला जरा मंद वाटला, म्हणून उजवीकडच्या पट्ट्या आणखी वर नेल्या. कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. "भाऊ, 'स' आणि 'श' फार टोचतात हो. डोकं दुखतं." मी सवयीचं पुराण सांगितलं. महिन्याने त्या स्वतः आल्या. मी सीटवर बसून ऐकलं. मला तर शब्द अजूनही अंधुकच वाटत होते. त्यांना स्पष्ट हवे होते ना? मी पट्ट्या खाली आणायच्या ऐवजी आणखी थोड्या वर केल्या. त्या गाडीत बसल्या, ऐकलं, आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर बघते." केवढा तो सभ्यपणा.

तिसऱ्यांदा त्यांनीच तोड काढली. मला आलापल्लीला मेहुण्याकडे जायचं होतं. त्या म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. रस्त्यात तुम्ही स्वतः ऐका, मला काय त्रास होतो ते कळेल." मी लॅपटॉप घेऊन निघालो. गोंडपिपरीतून जाताना ऋषीचं दुकान रस्त्यावरच लागतं. मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड केलं. आवाज सुरूच होता. मला सगळं छान वाटत होतं.

आष्टीची नदी ओलांडून पुढे जंगल दाट झालं. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, दुपारचं कडक ऊन होतं. प्रज्ञाताईंनी रस्त्याच्या कडेला सागाच्या सावलीत गाडी उभी केली. "इंजिन बंद करून ऐकू," म्हणाल्या. इंजिन बंद, गाणं बंद. मी पाय मोकळे करायला बाहेर उतरलो. पलीकडे एक गुराखी उभा होता, तो आपल्या जोडीदाराला ओरडून काहीतरी सांगत होता. मला गंमत वाटली, दोघं इतके जवळ आणि बोलणं एवढं मोठ्याने. मी आळस देत म्हटलं,

"किती शांत आहे हो इथी, ताई. दुकानात असं शांत मिळालं असतं तर काय काम केलं असतं!"

ताई हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू थांबलं. त्या खाली उतरून माझ्याजवळ आल्या, एकदम समोर.

"भाऊ, तुम्हाला किडे ऐकू येत नाहीत?"

"कोणते किडे?"

त्यांनी वर सागाकडे हात केला, मग पलीकडच्या झाडांकडे, मग सगळीकडे. "अहो, नुसता कहर चाललाय. मला तुमच्याशी मोठ्याने बोलावं लागतंय."

मी मान वर करून उभा राहिलो. पानं हलताना दिसत होती. गुराख्याचं बोलणं ऐकू येत होतं, लांबून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकची घरघर येत होती. बाकी काही नाही. मी डावा कान पुढे केला, मग उजवा. लहानपणी याच दिवसांत जंगलात शिरलं की झाडं किरकिरतात, कानठळ्या बसतात, हे मला माहीत होतं. गेली कित्येक वर्षं ते ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हे लक्षातही आलं नव्हतं. गेलेला आवाज सांगून जात नाही.

ताईंनी दोन-चार प्रश्न विचारले. तरुणपणी काय काम करत होता, कर्ण्यांजवळ किती बसायचा, भोवती गलका असला की बोलणं कळायला जड जातं का, गाडीच्या सेन्सरची टींटीं कळते का. मी उत्तरं देत गेलो आणि प्रत्येक उत्तराबरोबर लहान होत गेलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. मी डॉक्टर असून तुमच्या दुकानात तीनदा बोलले." म्हणजे माझ्या लाजेतला वाटाही त्या घेऊ पाहत होत्या. आणि मी काय म्हणालो? आभार मानले नाहीत. म्हणालो, "ताई, हे कोणाले सांगू नका."

चंद्रपुरात परत येऊन कानाची तपासणी केली. तपासणारी मुलगी म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो. मला वाटलं तिने अजून सुरूच केलं नाही. तिने तक्ता दाखवला. रेघ डावीकडे सरळ चाललेली, माणसाच्या बोलण्याच्या पुढे जाते आणि मग कड्यावरून ढकलल्यासारखी खाली.

घरी बायकोला, रंजनाला, सांगायला धीर गोळा करावा लागला. मला वाटलं ती रडेल, नाही तर हसेल. ती हातातलं भांडं ठेवून खाली बसली.

"म्हणजे तुमाले ऐकू येत नव्हतं?"

"नाई."

"मी सैपाकघरातून आवाज देत राहो अन् तुमी पेपर वाचत राहा. मले वाटे, आता ह्यांना आपल्याशी बोलाचंच नाई. मी आवाज देणंच सोडून देल्लं."

कधी सोडलं, ते मला आठवेना. माझी बायको माझ्याच घरात हळूहळू गप्प झाली होती आणि मी त्याला सुखाचा संसार समजत होतो.

पण ज्याने झोप उडाली ती गोष्ट वेगळी. तो तक्ता घेऊन मी दुकानात बसलो होतो. लॅपटॉपवर एक जुनी गाडी उघडी होती, ऋषीच्या वेळची, पट्ट्या खाली ओढलेली. मी कागद पडद्याशेजारी धरला. माझा कान जिथून घसरायला लागतो, बरोबर तिथूनच ऋषीने पट्ट्या खाली आणायला सुरुवात केली होती. जिथे कान जास्त गेला, तिथे जास्त. मी गेलेल्या कानाने जेवढं वाढवत होतो, तेवढं तो गिऱ्हाइकाला गाडी द्यायच्या आधी चुपचाप कमी करत होता. दसरूच्या कानाला सवय लागलीच नव्हती. ऋषीने त्या दिवशी दाराची पट्टी बसवता बसवता आवाजही बसवला होता. माझा जो पक्का कान दोन जिल्ह्यांत नावाजला गेला, तो अलीकडची वर्षं त्याचा होता. आणि मी त्याला चार लोकांत म्हणालो होतो, तुले काय समजते आवाजातलं.

गोंडपिपरीला गेलो तेव्हा भाताच्या रोवणीचे दिवस होते. दुकानासमोर ट्रॅक्टर उभे, ऋषी एका ट्रॅक्टरच्या बॉनेटमधे वाकलेला. त्याने मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं, पण "कसे आहा भाऊजी" हे तिचं नेहमीचं विचारलं नाही. मी स्टुलावर बसलो.

"कायले आला गा?" ऋषी बॉनेटमधूनच म्हणाला.

"ऋषी, माहे कान गेले."

पाना फिरवणारा हात थांबला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कवापासून?"

"लय दिवसांपासून. एका गाडीचा सेन्सर वाजून राह्यला होता अन् तू मले म्हणत होता, सेन्सर बंद आहे, वायर पाह्य. तवा समजलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तो बाहेर आला, हात पुसत राहिला. "कसं सांगू? तुह्यापाशी दुसरं काय होतं? सारी इज्जत त्या कानाचीच. मले वाटलं, तू करत जा, मी मांगून बराबर करत जाईन. कोणाले काय समजते." मग म्हणाला, "माहंही चुकलंच. गिऱ्हाइकाच्या गाडीत तुह्या मागून हात घालाचा नव्हता."

मी घरून माफीची वाक्यं जुळवून नेली होती. "त्या दिवशी मी लोकांसमोर बोललो," एवढंच कसंबसं म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "ते लागलं." आणि परत बॉनेटमधे वाकला. जाऊ दे, असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक म्हणाला नाही. दुकानात परत ये, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, फक्त प्रज्ञाताईंच्या गाडीचं सांगितलं. निघताना तोच म्हणाला, "त्या डॉक्टरीणबाईची गाडी इकडूनच जाते म्हणते. घेऊन ये एखाद्या दिवशी. पाहू."

मधल्या दिवसांत मी कुलूप लावलेल्या गाड्यांच्या मालकांना फोन केले. माझे कान गेले होते, तुमच्या गाडीतला आवाज चुकीचा आहे, आणा, नीट करून देतो. एक जण म्हणाला, "भाऊ, आम्ही केव्हाच बंद करून टाकलं. गाडीत बोलत जातो." एकाने गाडी विकली होती. एका म्हाताऱ्या गुरुजींनी मला म्हटलं, "मला वाटलं, माझंच वय झालं, म्हणून टोचतं." दसरूला मुद्दाम फोन करून खरं सांगितलं. तो खूप हसला आणि म्हणाला, "ऋषीभाऊने तवाच सांगतलं होतं, अशोकभाऊले नको सांगू म्हणून." म्हणजे त्यालाही माहीत होतं.

प्रज्ञाताईंसाठी मी नवी पेटी निवडली. पंखा नको, जाड अंगाची, उन्हाळा काढणारी, हे सगळं पहिल्यासारखंच. फरक एवढाच की या वेळी माइकवाली. ठरल्या दिवशी त्या गोंडपिपरीला थांबल्या. ऋषीने सीट सरकवून जुनी पेटी काढली, नवी बसवली. मी माइक डोक्याच्या जागी लावला. नवीन काही करायच्या आधी जुन्या पट्ट्या जशाच्या तशा भरून मोजून बघू, असं मीच म्हटलं. बघायचंच होतं मला.

पडद्यावर रेघ उमटली. डावीकडून सपाट येते आणि उजवीकडे डोंगर. तिघंही बघत होतो. ऋषीच्या दुकानात बसलेला एक ट्रॅक्टरवाला वाकून म्हणाला, "हे एवढं उंच काय आहे जी?" मी म्हटलं, "ते माझं काम आहे."

मग मशीनने तो डोंगर उतरवला. रेघ बरीच सरळ झाली. पण मोजमाप झालं तरी शेवटी माणसाने बसून ऐकावंच लागतं. माझं पूर्वीचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. फक्त तो माणूस मी नव्हतो. ऋषी ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी, ताई मागे. त्यांचं एक भाषण लावलं. कोणी बाई शांतपणे बोलत होत्या.

ऋषीने डोळे मिटले. "थोडं खाली घे. अगदी शेवटचं."

मी पट्टी खाली घेतली. "आता?"

"अजून थोडं."

"आता?"

"जास्त झालं. अर्धं वर."

मी अर्धं वर केलं. मागून ताई म्हणाल्या, "आहा." ऋषीने डोळे उघडले आणि समोरच्या काचेकडे पाहिलं, जसं पहिल्यांदा ऐकणारी माणसं बघतात.

"बस," तो म्हणाला. "ठेव आता."

मला पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीच फरक कळला नव्हता. मी सेव्ह केलं. कुलूप लावलं नाही.